दारातला चंद्र

आमच्या शेजारच्या मासाओला थँक यू म्हणून दाखवा, मी तुम्हाला बक्षीस देते. जुलैपासून मी प्रयत्न करते आहे. पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, पुसून, वर त्याच्या झाडाची लिंबं घालून परत. कार्ड दिलं, तर न उघडताच "नो बिग डील, मॅम" म्हणून हा गडी लॉनमोवर ओढत पसार. शेवटी एकदा मी त्याला ड्राइव्हवेवर अडवलाच आणि म्हटलं, "मासाओ, यू सेव्ह्ड माय हजबंड." तर तो म्हणाला, "हाउ इज ही ईटिंग?" आणि मी आपली ह्यांच्या जेवणाखाणाबद्दल बोलत बसले. घरी येऊन चपला काढताना लक्षात आलं, अगं बाई, निसटला की परत.

'हे' म्हणजे चंद्रशेखर, माझा नवरा. तेलाच्या कंपनीत जन्म काढलेला इंजिनिअर. आता फुप्फुसं कडक होत चालली आहेत, म्हणून नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हॉलमध्ये घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. मशीन विजेवर चालतं. आणि जुलैत आमच्या शुगर लँडची वीज गेली.

वादळ तसं आम्हाला नवीन नाही. ह्यूस्टनच्या आसपास राहायचं आणि वादळाला घाबरायचं असं चालत नाही. पण ह्या वेळी वादळ गेलं तरी वीज येईना. सगळीकडे झाडं आडवी, रस्ते बंद, अँब्युलन्सवाले म्हणतात थांबा. आमच्याकडे जास्तीचे सिलिंडर होते ते संपत आले. घरात भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. अतुल, आमचा थोरला, सनीव्हेलहून दर पंधरा मिनिटांनी फोन करत होता आणि रडकुंडीला येऊन विचारत होता, "आई, आता कितीवर आहे काटा?" विमानं बंद होती. तो बिचारा तिथून काय करणार? मी शेवटच्या सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसले होते आणि मनात देवाला वाट्टेल ते बोलत होते.

तेवढ्यात मागच्या कुंपणावरून एक नारिंगी केबल आमच्या अंगणात पडली. तिच्या मागून मासाओचं डोकं. "मॅम, व्हेअर इज द मशीन?"

त्याच्याकडे छोटासा जनरेटर होता. त्यावर एकतर त्याचा फ्रिज आणि खिडकीतला एसी चालला असता, नाहीतर आमचं मशीन. त्याने स्वतःचं सगळं बंद केलं. फ्रिजरमध्ये त्याने स्वतः पकडलेले मासे भरले होते, ते सगळे ग्रिलवर भाजून त्याने गल्लीला वाटून टाकले. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यासाठी भाजलेले बटाटे. वीज येईपर्यंत तो दिवसातून कितीदा तरी मागच्या दाराने यायचा, जनरेटरमध्ये पेट्रोल घालून आलो म्हणून सांगायचा, ह्यांच्याजवळ जमिनीवर बसायचा आणि मशीनचा आवाज ऐकायचा. ह्यांना तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. नुसते बघत राहायचे त्याच्याकडे.

वीज आली, मासाओने केबल गुंडाळली आणि गेला. त्यानंतर आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. बोलावलं की काहीतरी काम निघायचं.

आणि हे तर घराबाहेरच पडेनात. डॉक्टरकडे जायचं सोडलं तर हॉलमधली रिक्लायनर हेच ह्यांचं जग. नळी पुढच्या दारापर्यंत पोचते, तिथून पुढे जायचं तर छोटा सिलिंडर लावावा लागतो. पण त्या वादळापासून सिलिंडर म्हटलं की ह्यांचा चेहरा पांढरा पडायचा. काट्याकडे बघायला नको म्हणायचे. सप्टेंबरात डॉक्टरांनी नवीन स्कॅन दाखवला. त्या फार काही बोलल्या नाहीत, त्यावरूनच आम्ही काय ते समजलो. घरी येताना गाडीत हे म्हणाले, "वसू, मला त्या मासाओशी एकदा बसून बोलायचंय. मला बोलायला दम आहे तोवर. आपल्या घरी, पाहुणा म्हणून. मागच्या दाराने नाही."

जन्मभरात ह्या माणसाने माझ्याकडे चहा सोडून काही मागितलेलं नाही. त्यामुळे मी पदर खोचला. मी नागपूरची आहे, मनात आलं की मी ते करते.

आता त्या झेंड्याबद्दल सांगते. मासाओच्या गॅरेजवर दोन झेंडे असतात. एक अमेरिकेचा, आणि दुसरा आकाशी निळा, त्यावर पिवळाधमक गोळा. मला कित्येक वर्षं वाटायचं, तो दुकानातला शोभेचा झेंडा आहे. इथे लोक ऋतूप्रमाणे भोपळ्याचे, टर्कीचे, फुलपाखरांचे झेंडे लावतात ना, तसा. उन्हाळ्याचा म्हणून सूर्य. बारा महिने उन्हाळाच लावून ठेवलाय आळशाने, असंही मी एकदा माझ्या मैत्रिणीला, उत्तराला म्हटलं होतं. आणि मासाओला आम्ही फिलिपिनो समजत होतो. वादळाच्या त्या दिवसांत ह्यांच्याजवळ बसलेला असताना मी सहज विचारलं तेव्हा कळलं, तो पलाऊ नावाच्या देशाचा आहे. प्रशांत महासागरात, फिलिपिन्सच्या पुढे, चिमुकली बेटं. आख्ख्या देशाची माणसं आपल्या इथल्या चारदोन सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये मावतील. नाव जपानी कारण त्यांच्यावर मध्ये जपानचं राज्य होतं. नोकरी अमेरिकन आर्मीत झाली, तीस वर्षं. आणि तो पिवळा गोळा म्हणजे सूर्य नाही, चंद्र. पौर्णिमेचा.

"आमच्याकडे सगळी चांगली कामं पौर्णिमेला," तो म्हणाला होता. "मासेमारी, पेरणी, होडीसाठी झाड तोडणं, सण. चंद्र पूर्ण असला की माणसं घराबाहेर."

मला तेव्हा सुचलं नाही, काटा बघण्यात जीव अडकला होता. पण सप्टेंबरात डॉक्टरकडून आल्यावर एकदम लख्ख डोक्यात आलं. कोजागिरी. पुरणपोळीला नाही म्हणाला, कार्डाला नाही म्हणाला, पौर्णिमेला कसा नाही म्हणेल? मी तडक त्याच्या दारात गेले आणि सांगितलं, आमच्याकडे पौर्णिमेचा सण आहे, दूध आटवून चंद्राला दाखवून पितात, आणि माझ्या नवऱ्याला तुझ्याशी बोलायचंय. त्याने वर झेंड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "फुल मून? ओके, मॅम. आय विल कम."

जिंकले की नाही?

पौर्णिमा सोमवारी होती, म्हणून कोजागिरी शनिवारी ठेवली. इथे सगळे सण शनिवारीच येतात. अतुल सनीव्हेलहून आला. उत्तरा मदतीला आली. उत्तरा म्हणजे आमच्या मंडळाची जुनी सेक्रेटरी. तिला मदतीला बोलावलं की ती आधी बसून सूचना देते. मसाला दूध आटत ठेवलं, भेळेची तयारी केली, आणि मग मी दारात रांगोळीला बसले.

शाळेत असताना दर पंधरा ऑगस्टला मी तिरंग्याची रांगोळी काढायची. फाटकासमोर, येणाऱ्या पाहुण्यांच्या वाटेवर. पहिलं बक्षीस कधी चुकलं नाही. एखाद्याला मान द्यायचा तर दारात त्याचं म्हणून काहीतरी काढायचं, एवढं मला कळतं. म्हणून मी मासाओचा झेंडा काढला. पोर्चच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, चांगला सहा फुटी. आकाशी रंग दोनदा चाळून घेतला. पाठ मोडून आली, गुडघे बोंबलत होते, पण काम असं सुबक झालं की उत्तरासुद्धा गप्प झाली.

अतुलने फोनवर खरा झेंडा काढून दाखवला. "आई, चंद्र बरोबर मध्ये नाहीये. थोडा काठीच्या बाजूला आहे बघ."

"रांगोळीत मधला ठिपका सोडून चंद्र काढतात का कुठे?" मी म्हटलं. "मी त्याच्या गॅरेजवर पण पाहिलाय. मला वाटलं शिवताना सरकला असेल. माझा नीट मध्ये आहे."

"आई, तू एका देशाचा झेंडा दुरुस्त करतेयस."

"करते. कुणीतरी करायला हवा." रिक्लायनरमधून ह्यांचं हसणं ऐकू आलं, आणि मग खोकला. पण हसले, ते महत्त्वाचं. सकाळपासून हे इस्त्रीचा शर्ट घालून, दाराकडे तोंड करून बसले होते. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. मध्येच ओठ हलायचे.

मासाओ अगदी वेळेवर आला. तोही कडक इस्त्रीत. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं, कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, आणि नारळाचं, आपल्या पातोळ्यांसारखं. मी दार सताड उघडलं. हे मागे खुर्चीत सावरून बसले.

मासाओ फरशीच्या वाटेवरून पोर्चपर्यंत आला, खाली बघितलं आणि थांबला.

मला वाटलं, बघतोय. बघू दे की, दोन तास घातलेत. पण तो बघतच राहिला. मग त्याने डोक्यावरची कॅप काढली आणि एक पाऊल मागे गेला. 

"मॅम," तो अगदी हळू म्हणाला, "दॅट इज माय फ्लॅग."

"यस, यस. फॉर यू."

"इट्स ऑन द ग्राउंड."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस रोज संध्याकाळी दोन्ही झेंडे उतरवतो, घडी घालतो, छातीशी धरून आत नेतो. मी खिडकीतून कितीदा पाहिलंय. कोपरासुद्धा जमिनीला लागू देत नाही. आणि मी त्याचा झेंडा पायपुसण्याच्या जागी अंथरला, वर म्हणते ये, आत ये, ह्याच्यावरून.

उत्तरा मागून म्हणाली, "अहो, बाजूने या ना." बाजू ठेवलीच कुठे होती मी? खांब ते खांब. मला वाटलं मी मेलेली बरी. तोंडाला येईल ते इंग्रजी बोलायला लागले. इन अवर कस्टम, रिस्पेक्ट, वी ड्रॉ फॉर गेस्ट, यू डोन्ट स्टेप, यू क्रॉस. त्याला ते कळत होतं असं वाटलं, पण त्याचे पाय काही ऐकत नव्हते. मग मी आणखी मोठा गाढवपणा केला. "पुसते मी, थांब," म्हणून कोपऱ्यातला झाडू उचलला.

"नो, मॅम. प्लीज. नॉट विथ अ ब्रूम."

झाडू माझ्या हातातून गळून पडला.

अतुल म्हणाला, "आई, गॅरेजमधून आणू का मासाओंना?" गॅरेजमधून आम्ही घरचे येतो, किराणा येतो. आज हा पाहुणा होता. ह्यांनी एवढं एकच मागितलं होतं, मागच्या दाराने नाही. मी नाही म्हणून मान हलवली. 

मासाओने ते केळीच्या पानातलं पुडकं खांबाच्या बाजूने हात लांबवून अतुलच्या हातात दिलं. "इट्स ब्यूटिफुल वर्क, मॅम. आय नो यू मेन्ट वेल. मेबी अनदर डे." आणि तो वळला. अनदर डे. ह्यांच्याकडे किती अनदर डे आहेत ते मला माहीत होतं. हा आज गेला की परत यायचा नाही, हेही माहीत होतं. माझ्या शिस्तीत काढलेल्या रांगोळीने मी माझ्याच नवऱ्याचं तोंड बंद केलं होतं.

"मासाओ. वेट."

हे उठले होते. खुर्चीपासून दारापर्यंत भिंतीला धरत आले, मागे नळी फरफटत. दारात उभं राहून खाली झेंड्याकडे बघितलं, नीट, एखादं ड्रॉइंग तपासतात तसं. मग समोर त्याच्याकडे. दोघांच्या मध्ये तो निळा सहा फुटी झेंडा.

"मीसुद्धा ह्यावर पाय देणार नाही," हे इंग्रजीत म्हणाले. मग मराठीत, "अतुल, खुर्च्या बाहेर काढ. आणि तो छोटा सिलिंडर लाव मला. मी गॅरेजमधून जातो."

"अहो, बाहेर दमट आहे," मी म्हटलं. "तुम्हाला सोसायचं नाही."

"वसू, पाहुणा आत येत नसेल तर यजमानाने बाहेर जायचं असतं. सिलिंडर आण."

जुलैपासून ज्या सिलिंडरकडे ह्यांनी बघितलं नव्हतं, तो अतुलने लावला. काटा बघताना ह्यांनी डोळे मिटले नाहीत. मी पाठीवर हात ठेवून होते. स्वयंपाकघर, धुण्याची खोली, गॅरेज, आणि मग गॅरेजचं दार करकरत वर गेलं. आम्ही ड्राइव्हवेवर आलो तर मासाओ तिथे येऊन उभा होता, कॅप हातात धरून. त्याने धावत जाऊन खुर्ची धरली.

तर अशी आमची कोजागिरी ड्राइव्हवेवर झाली. दुधाचं पातेलं बाहेर आलं, भेळ बाहेर आली. उत्तरा डासांच्या नावाने खडे फोडत सगळ्यांवर फवारा मारत सुटली. वीस वर्षं आम्ही टेक्ससमध्ये एसी लावून, खिडकीच्या काचेतून दुधाला चंद्र दाखवतो. काय मूर्ख माणसं आहोत. बाहेर वारा होता, आणि समोरच्या घरांच्या वर चंद्र आला होता.

मासाओने वर बघितलं. "मॅम, इट इज नॉट फुल."

"इथे पौर्णिमा शनिवारी असते," हे म्हणाले, आणि पहिल्यांदा मासाओ मोकळा हसला.

दुधाचा पेला हातात घेऊन मग तोच बोलायला लागला. झेंड्याबद्दल. कदाचित माझी लाज घालवायला असेल, चांगला माणूस आहे. त्याची आजी जर्मन राज्यात जन्मली. त्याच्याआधी तिच्या आईने स्पॅनिश राज्य पाहिलेलं. मग जपानी आले, आजी मोठी झाली ती त्यांच्या झेंड्याखाली. मग लढाई, आणि अमेरिकन. मग अमेरिकेच्या ताब्यातल्या सगळ्या बेटांचा मिळून एक निळा झेंडा आला, सहा तारे, त्यातला एक तारा पलाऊचा. प्रत्येक वेळी नवीन झेंडा आला की आजीला सांगायचे, आता हा तुझा. एक्क्याऐंशी सालच्या एक जानेवारीला पलाऊने स्वतःचा झेंडा चढवला, तेव्हा मासाओ शाळेत होता. आजीला पाठुंगळी घेऊन गर्दीत गेला. तिला लांबचं नीट दिसायचं नाही. तिने विचारलं, काय आहे रे त्यावर? तो म्हणाला, एक गोल आहे. तर आजी म्हणाली, परत गोलच? जपान्यांचा गोल पाहिलेली बाई ती. तो म्हणाला, नाही आजी, तो सूर्य होता, हा चंद्र आहे. मग ती म्हणाली, हा बरा आहे. हा कुणी जहाजातून आणलेला नाही.

 मी विचारलं, "मासाओ, खरं सांग, मी चंद्र चुकीच्या जागी काढलाय ना?"

"थोडा मध्ये आहे," तो म्हणाला. "पण काठीवर झेंडा फडफडतो ना, तेव्हा लांबून मध्येच दिसतो. माझ्या आजीला तसाच दिसला असता."

मी अतुलकडे बघितलं. अतुलने हात जोडले.

आणि मग हे बोलले. दिवसभर जुळवलेलं इंग्रजी भाषण होतं ते, पण बाहेरच्या हवेत दम पुरेना. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. अतुल काट्याकडे बघायला लागला तशी मी त्याला खुणेने थांबवलं. ह्यांनी भाषण सोडून दिलं. मासाओचा हात धरला आणि स्वतःच्या बरगड्यांवर ठेवला, शर्टावरून, आणि एवढंच म्हणाले, "धिस ऑक्टोबर इज युवर्स. आय ॲम ओन्ली युझिंग इट."

मासाओ काहीतरी बोलायला गेला. मला वाटलं, आता हा जेवणाची चौकशी करणार आणि निसटणार. पण हात ह्यांच्या बरगड्यांवर होता, तो काढून घेता येईना. त्याखाली तो भाता चालू होता, वर खाली, वर खाली. त्याचे डोळे भरले.

"सर, मला थँक यू घेता येत नाही," तो म्हणाला. आता तो खाली बघूनच बोलत होता. "माझी आई तिकडे पलाऊत, कोरोरला वारली तेव्हा मी इराकमध्ये होतो. मी थोरला. निरोप आला तेव्हा निघता आलं नाही. ती आठवडाभर होती, श्वास घेता येत नव्हता तिला. शेजारची माणसं पाळीपाळीने तिच्याजवळ बसली. मी परत गेलो तेव्हा त्यांचे आभार मानायला घरोघर गेलो. कुणी घेतले नाहीत. म्हणाले, त्यात काय. जुलैत मी इथे बसलो होतो ना, तुमच्याजवळ, तेव्हा मला वाटायचं मी तिथे बसलोय. तुमचे आभार मी कसे घेऊ? ते माझे नाहीतच."

अतुल उठून उभा राहिला. जुलैत सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये फोन कानाला लावून त्याचं काय झालं असेल ते मला त्या क्षणी दिसलं.  त्याने मासाओच्या खांद्यावर हात ठेवला.

आमच्याकडे कोजागिरीला थोरल्या लेकराला ओवाळतात. आश्विनी म्हणतात त्या रीतीला. पहिलं मूल, ज्याने बाईला आई केलं, त्याचं औक्षण. मूल पन्नाशीचं झालं तरी करतात. अतुल इतकी वर्षं लांब, त्यामुळे मी फोनच्या पडद्यालाच ओवाळायची आणि हे मला चिडवायचे. यंदा तो समोर होता, म्हणून तबक तयार ठेवलं होतं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. मी आत जाऊन ते आणलं, आधी चंद्राला ओवाळलं, आणि वळले.

अतुल बाजूला झाला. मी काही सांगितलं नव्हतं.

"मासाओ," मी म्हटलं, "तुझ्या आईचा थोरला ना तू? मग उभा राहा इथे."

तो उभा राहिला. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, त्या त्याच्या पांढऱ्या भुवयांवर अडकल्या. ज्योत वाऱ्याने लवत होती, उत्तराने दोन्ही हातांचा आडोसा केला. इंग्रजी मला आठवेना, आणि आठवायचंही नव्हतं. मी मराठीतच बोलले. म्हटलं, बाळा, तुझ्या आईजवळ बसलेल्या माणसांना मी कुठे शोधू? पण माझ्या माणसाजवळ तू बसलास. त्याचा श्वास चालू ठेवलास. तुझी आई बघत असेल तर तिला सांगते, तुझा थोरला वेळेवर पोचला गं. इथे पोचला.

त्याला एक अक्षर कळलं नसेल. अतुलने इंग्रजी करून सांगायला तोंड उघडलं, तर ह्यांनी खुर्चीतून हात वर करून त्याला थांबवलं. मासाओने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली वाकवली, चांगली खाली, माझा हात डोक्यापर्यंत पोचावा म्हणून. मी हात ठेवला, आणि त्याने तो राहू दिला.